१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे अवयव हाताने कसे काढावेत?

नमस्कार.

आपण लिहिले आहे की, नववीत शिकणाऱ्या आपल्या मुलीला गणिताच्या स्पर्धा परीक्षेच्या सरावात १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या देऊन तीन प्रश्न विचारले होते: ती पूर्ण वर्ग आहे का, तिचे मूळ अवयव कोणते, आणि तिला एकूण विभाजक किती. आपण ती संख्या संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये भरली, तेव्हा शेवटचे २१ जाऊन त्या जागी ०० आले आणि संख्येला १०० ने पूर्ण भाग जातो असे उत्तर मिळाले. आता आपण विचारता की, संगणकही जिथे चुकतो तिथे नववीच्या मुलीने कागदावर काय करावे, आणि केलेले बरोबर आहे याची खात्री तिला कशी पटावी.

मी नाशिकला अठ्ठावीस वर्षे आठवी ते बारावीच्या मुलांना गणित शिकवतो आहे आणि ही संख्या माझ्या वर्गात जवळजवळ दरवर्षी फळ्यावर येते. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आधी स्प्रेडशीटचे पाहू. तिथे संख्येचे पहिले पंधरा सार्थ अंक ठेवले जातात आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात. आपल्या संख्येत सतरा अंक आहेत, म्हणून शेवटचे दोन गेले. याचे मूळ संगणक संख्या साठवतो त्या पद्धतीत आहे. नेहमीच्या पद्धतीत एका संख्येसाठी ५३ द्विमान अंकांची (० किंवा १ अशा अंकांची) जागा असते, त्यामुळे २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत, प्रत्येक पूर्ण संख्या जशीच्या तशी राहते. त्यापुढे, या मर्यादेच्या दुपटीपर्यंत, फक्त सम संख्याच बसतात. आपली संख्या त्या पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे. तिला तिथे जागाच नाही. म्हणून पंधरा अंकांचे बंधन नसलेल्या साध्या प्रोग्रॅममध्येही ती बहुधा …३२० अशी साठवली जाईल आणि ‘ही संख्या सम आहे का’ या पहिल्याच प्रश्नाला चुकीचे उत्तर मिळेल. पायथॉनसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पूर्ण संख्यांना अशी मर्यादा नसते, तिथे हिशेब बिनचूक होतो. परंतु परीक्षेत पायथॉन नसतो, आणि मला वाटते आपल्या प्रश्नाचा रोखही तिकडे नाही.

आपला खरा प्रश्न असा आहे: एखादी संख्या फार मोठी असली म्हणजे तिच्याविषयी खात्रीने काही सांगणे अवघड होते का? माझे उत्तर असे की, अवघडपणा संख्येच्या आकारमानावर कमी आणि तिच्या घडणीवर अधिक अवलंबून असतो. केवळ आकार पाहिला तर कोणीही घाबरेल. सतरा अंकी संख्या मूळ आहे की नाही हे सरळ भागाकाराने तपासायचे, तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. येथे वर्गमूळ अकरा कोटींच्या पुढे आहे, आणि नुसत्या दहा कोटींच्या आतच ५७,६१,४५५ मूळ संख्या आहेत. मिनिटाला एक भागाकार या वेगाने रात्रंदिवस बसले तरी सुमारे अकरा वर्षे लागतील. परंतु या संख्येची घडण अशी आहे की, तेच काम एका दुपारी, दोन पानी कागदावर होते.

ही घडण पाहण्यासाठी मुलीला प्रथम लहान गुणाकार उभे मांडायला सांगावे. ११ × ११ = १२१. १११ × १११ = १२३२१. ११११ × ११११ = १२३४३२१. हे पाठ करून उपयोग नाही. उभ्या मांडणीत काय घडते ते बघायला हवे. १११ ला १११ ने गुणताना १११ च तीन ओळींत, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहिले जाते. मग उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, आणि नंतर पुन्हा दोन व एक. बेरीज म्हणजे फक्त स्तंभातले एकक मोजणे. नऊ वेळा १ असलेली संख्या, म्हणजे १११११११११, स्वतःशी गुणली की मधल्या स्तंभात बरोबर नऊ एकक येतात, हातचा कुठेच निर्माण होत नाही, आणि उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ असे चढत जाऊन उतरते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळाले: संख्या पूर्ण वर्ग आहे आणि तिचे वर्गमूळ १११११११११ आहे.

‘हातचा येत नाही’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत अवश्य लिहावे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. दहा वेळा १ घेतले तर काय होते ते मुलीला स्वतः करू द्यावे. उजवीकडचे नऊ स्तंभ १ ते ९ असे नीट उतरतात. दहाव्या स्तंभात दहा एकक येतात, तिथे ० लिहून हातचा १. पुढच्या स्तंभात नऊ आणि हातचा एक मिळून पुन्हा दहा, म्हणजे पुन्हा ० आणि हातचा १. त्यापुढच्या स्तंभात आठ आणि एक मिळून ९. मग ७, ६, ५ असे पुढे. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीवरचा ८ हातच्याने गिळला. हाच हरवलेला ८ थोड्या वेळाने पुन्हा भेटणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

आम्हा नाशिककरांना या संख्यांविषयी विशेष जिव्हाळा आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, ज्यांच्या नावाने ६१७४ हा स्थिरांक जगभर ओळखला जातो, ते १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक होते. १, १२१, १२३२१ या मालिकेचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यांना ‘डेमलो संख्या’ असे नाव दिले. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील ज्या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली त्याचे ते नाव; आज आपण त्या ठिकाणाला डोंबिवली म्हणतो. पुढे मी ज्या ‘हर्षद’ संख्यांचा उल्लेख करणार आहे, ते नावही त्यांचेच. देवळालीहून शिकायला येणारी मुले या उल्लेखापाशी ताठ बसतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता मूळ अवयव. वर्गाचे अवयव काढायचे असतील तर वर्गमूळाचे काढावेत आणि प्रत्येकाचा घातांक दुप्पट करावा. म्हणून सतरा अंकी संख्या बाजूला ठेवून फक्त १११११११११ हाती घ्यावी. या संख्येचे तीन-तीन अंकांचे गट पाडले की १११ १११ १११ असे दिसते, म्हणजे १११ हाच ठसा तीनदा उमटला आहे. म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. हे सुचण्यासाठी कोणताही सिद्धांत लागत नाही, अंकांकडे शांतपणे पाहावे लागते. (एकाच अंकाने बनलेल्या अशा संख्येतील १ ची संख्या संयुक्त असेल, तर ती संख्याही संयुक्तच असते, हे याच गट पाडण्यावरून दिसते. उलट मात्र खरे नाही: पाच हा अंक मूळ आहे, तरी पाच वेळा १ असलेली १११११ ही संख्या ४१ × २७१ आहे.)

पुढे १११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिला ३ ने भाग जातो: १००१००१ = ३ × ३३३६६७. एकत्र मांडले तर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

इथे बहुतेक मुले थांबतात आणि ३३३६६७ ही मूळ संख्या आहे असे गृहीत धरतात. गृहीत बरोबर निघते, परंतु ते सिद्ध केल्याशिवाय दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अपुरेच राहते, कारण ३३३६६७ चे आणखी दोन अवयव निघाले असते तर विभाजकांची मोजणीच बदलली असती. मी या पायरीला अर्धे गुण राखून ठेवतो.

३३३६६७ चे वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे आहे. ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. १०६ भागाकार करणे शक्य आहे, पण कंटाळवाणे आहे, आणि कंटाळ्यात चुका होतात. इथे पुन्हा घडण उपयोगी पडते. समजा, एखादी मूळ संख्या ‘प’ ३३३६६७ ला भागते. मग ती १११११११११ लाही भागते, आणि म्हणून ९९९९९९९९९ लाही भागते. याचा अर्थ असा की १ भागिले ‘प’ हा भागाकार दशांशात करत गेल्यास नऊ पायऱ्यांनंतर बाकी पुन्हा १ येते, म्हणजे आवर्ती भाग नऊ अंकांत परत सुरू होतो. त्याची खरी लांबी ९ ला भागणारी असली पाहिजे: १, ३ किंवा ९. लांबी १ असेल तर ‘प’ ने ९ ला भाग जावा, म्हणजे ‘प’ फक्त ३ असू शकते. लांबी ३ असेल तर ‘प’ ने ९९९ ला भाग जावा, आणि ९९९ = २७ × ३७ असल्याने ३७ ही एकच नवी संख्या मिळते. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे, म्हणून ३ बाद. ३७ ने भागल्यास ९०१८ वेळा भाग जाऊन १ उरतो, म्हणून ३७ ही बाद. राहिली लांबी ९.

आता एक महत्त्वाची गोष्ट. ‘प’ ने भागताना येऊ शकणाऱ्या शून्येतर बाक्या ‘प’ वजा १ इतक्या असतात, आणि त्या सारख्या लांबीच्या फेऱ्यांत वाटल्या जातात. नववीच्या मुलीला याची सिद्धता नको असेल तर १३ चे उदाहरण कागदावर करून दाखवावे. बाकी १ पासून सुरुवात करून दर पायरीला दहाने गुणावे आणि १३ ने भागून बाकी घ्यावी: १, १०, ९, १२, ३, ४, आणि पुन्हा १. सहा बाक्यांची फेरी. न आलेल्या बाक्यांपैकी २ घ्यावी: २, ७, ५, ११, ६, ८, आणि पुन्हा २. तीही सहाचीच. बारा बाक्या, सहा-सहाच्या दोन फेऱ्या. मोठ्या वर्गातली मुले हीच गोष्ट फर्माचा लघुसिद्धांत म्हणून शिकतात. आपल्या बाबतीत फेरीची लांबी ९ आहे, म्हणून ‘प’ वजा १ ला ९ ने भाग गेला पाहिजे. ‘प’ विषम असल्याने ‘प’ वजा १ सम आहे. म्हणून त्याला १८ ने भाग गेला पाहिजे.

म्हणजे १८ च्या पटीपेक्षा एकाने मोठ्या असलेल्या मूळ संख्याच तपासायच्या. ५७७ पर्यंत त्या अशा आहेत: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. १०६ च्या सतरा झाल्या, आणि त्यांतील ३७ आधीच बाद झाली आहे. उरलेले सोळा भागाकार माझ्या वहीतून देतो, म्हणजे मुलीला ताडून पाहता येतील. बाक्या क्रमाने अशा: १९ ने ८, ७३ ने ५७, १०९ ने १८, १२७ ने ३८, १६३ ने ६, १८१ ने ८४, १९९ ने १४३, २७१ ने ६६, ३०७ ने २६५, ३७९ ने १४७, ३९७ ने १८७, ४३३ ने २५७, ४८७ ने ७२, ५२३ ने ५१६, ५४१ ने ४११ आणि ५७७ ने १६१. एकही बाकी शून्य नाही. म्हणून ३३३६६७ मूळ संख्या आहे. १६३ पाशी बाकी अवघी ६ उरते, तिथे घाईत ‘भाग गेला’ असे लिहिणारी मुले मी पाहिली आहेत. तेवढा भागाकार दोनदा करावा.

एवढे झाल्यावर संपूर्ण उत्तर असे: १२३४५६७८९८७६५४३२१ = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. विभाजक मोजताना ३ चा घातांक ० ते ४ असा पाच प्रकारे, आणि ३७ व ३३३६६७ चे घातांक ० ते २ असे प्रत्येकी तीन प्रकारे निवडता येतात, म्हणून ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. विभाजकांची संख्या विषम आली, हा स्वतःच एक पडताळा आहे: विभाजक एरवी जोडीजोडीने येतात, फक्त पूर्ण वर्गात वर्गमूळाची जोडी त्याच्याशीच लागते. या ४५ पैकी पूर्ण वर्ग असलेले विभाजक ३ × २ × २ = १२ आहेत; हा उपप्रश्न स्पर्धा परीक्षेत अनेकदा जोडून येतो.

खात्रीविषयी आपण विचारले होते. अवयव काढल्यावर मी मुलांना ११ ची कसोटी लावायला सांगतो. १११११११११ ला ११ ने भागल्यास बाकी १ येते, कारण एकाआड एक अंकांच्या बेरजा ५ आणि ४ आहेत. दुसऱ्या बाजूला ९ ची बाकी ९, ३७ ची ४ आणि ३३३६६७ ची ४. गुणाकार १४४, आणि त्याची ११ ने बाकी १. दोन्ही बाजू जुळल्या. ही सिद्धता नव्हे, परंतु एखादा अंक चुकीचा उतरवला गेला असेल तर तो इथे हमखास सापडतो. ९ ची कसोटी मात्र अंकांची अदलाबदल पकडू शकत नाही, कारण अंकांची बेरीज तीच राहते.

अंकांच्या बेरजेवरून आठवले. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि संख्येला ८१ ने पूर्ण भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. परंतु येथे एक चुकीचा युक्तिवाद फार वेळा वाचायला मिळतो: ‘बेरीज ८१ आहे, म्हणून ८१ ने भाग जातो.’ अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी आहे. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण १८९९ ला २७ ने भागल्यास ९ उरतात. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो तो वर्गमूळाला ९ ने भाग जातो म्हणून, आणि उत्तरपत्रिकेत कारण म्हणून तेच लिहावे.

१११११११११ ला ९ ने भागले की १२३४५६७९ मिळते. हरवलेला ८ तो हाच. ३७ आणि ३३३६६७ यांचा गुणाकारही हाच. आणि १ भागिले ८१ चा दशांश विस्तार केला तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा तोच क्रम पुन्हा पुन्हा येतो. आता आपली संख्या वेगळ्या तऱ्हेने लिहून पाहावी: १११११११११ × १११११११११ मधल्या एका अवयवातून ९ काढून दुसऱ्याला दिले, तर १२३४५६७९ × ९९९९९९९९९ असे होते. सगळ्या नऊंनी गुणायची आपल्याकडची जुनी युक्ती अशी की, संख्येतून एक वजा करून डावीकडे लिहावे आणि त्याचे नऊंपासूनचे पूरक उजवीकडे लिहावे. १२३४५६७९ मधून एक गेला, १२३४५६७८ राहिले. ९९९९९९९९९ मधून १२३४५६७८ गेले, ९८७६५४३२१ राहिले. शेजारी-शेजारी ठेवले की आपली संख्या उभी राहते, आणि डाव्या-उजव्या भागांची बेरीज ९९९९९९९९९ का होते हेही आपोआप कळते. इतकी वर्षे शिकवूनही या ओळीपाशी मी वर्गात दोन मिनिटे थांबतो.

आणखी एक गुणधर्म, जो प्रश्नात नव्हता, पण मुलीला आवडेल. ३७ चा वर्ग म्हणजे १२ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग. १११११११११ = ३७ × ३००३००३ आहे, म्हणून १२ आणि ३५ दोघांनाही ३००३००३ ने गुणावे: ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५. या दोन लांबीच्या बाजू काटकोनाला लागून असलेल्या त्रिकोणाचा कर्ण बरोबर १११११११११ येतो, आणि कर्णाचा वर्ग म्हणजे आपली संख्या. शून्य सोडून दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेच्या रूपात ही संख्या एवढ्या एकाच प्रकारे लिहिता येते, कारण तिच्या मूळ अवयवांपैकी ४ ने भागल्यास १ उरणारा अवयव फक्त ३७ आहे; ३ आणि ३३३६६७ यांची ४ ने बाकी ३ येते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते स्पष्ट सांगायला हवे, कारण हे वाचून कोणालाही वाटेल की प्रत्येक मोठी संख्या अशीच उलगडते. तसे नाही. आमच्या नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, म्हणून मी कधी कधी मुलांना घरातल्या नोटेवरचा सहा अंकी क्रमांक आणून त्याचे अवयव काढायला देतो. एका मुलीच्या नोटेवर ६३९९९१ होते. तिने पाहिले की ही संख्या ६४०००० पेक्षा ९ ने लहान आहे, म्हणजे ८०० चा वर्ग वजा ३ चा वर्ग. म्हणून ७९७ × ८०३, आणि ८०३ म्हणजे ११ × ७३. तिचे काम पाच मिनिटांत संपले. तिच्या शेजारच्या मुलाच्या क्रमांकाला कोणतीच ओळखीची घडण नव्हती. सहा अंकी संख्येसाठी हजाराच्या आतल्या १६८ मूळ संख्या पुरतात, त्यांतल्या बहुतेक सगळ्या त्याला एकेक करून लावाव्या लागल्या, आणि शेवटी संख्या मूळ निघाली. त्याचे कष्ट वाया गेले असे मी म्हणत नाही. त्या क्रमांकासाठी कागदावर त्याहून जवळचा रस्ता नव्हता. दोन मोठ्या मूळ संख्यांचा, मुद्दाम घडण लपवून केलेला गुणाकार असेल तर संगणकालाही किती झगडावे लागते हे यावरून कळेल: आरएसए या सांकेतिक लेखनाच्या पद्धतीतील आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे अवयव २०२० मध्ये, असंख्य संगणक कामाला लावून, मिळाले, त्याच कुळातील त्याहून मोठ्या संख्यांवर आजच्या बँक व्यवहारांची सुरक्षितता टेकलेली आहे.

म्हणून मुलीला मी पुढचा अभ्यास म्हणून असे काही सुचवेन, जिथे घडण मदत करते पण सगळे काम करून देत नाही. अकरा वेळा १ असलेली १११११११११११ ही संख्या घ्यावी. अकरा मूळ असल्याने गट पाडता येत नाहीत. फेरीचा युक्तिवाद मात्र जसाच्या तसा चालतो आणि सांगतो की अवयव २२ च्या पटीपेक्षा एकाने मोठेच असणार. त्या यादीतून एकेक मूळ संख्या लावत गेले की खूप उशिरा पहिला अवयव लागतो: २१६४९, म्हणजे २२ × ९८४ + १. उरलेला अवयव ५१३२३९. तो मूळ आहे का हे वेगळे तपासावे लागत नाही, कारण त्याचा लहान अवयव असता तर तो याच यादीत आधी भेटला असता. हा शोध हाताने करू नये, त्यासाठी पायथॉनच्या चार ओळी लिहाव्यात. पण यादी २२ च्याच पटींची का, हे तिने आधी वहीत स्वतःच्या शब्दांत लिहावे, आणि शेवटचा गुणाकार २१६४९ × ५१३२३९ उभा मांडून हातानेच करावा.